तार तुटली की थांबायचं

विजेच्या पॅनलचं दार उघडलं की बिराजदार सर आधी उजव्या हाताचा तळवा पत्र्याच्या एका कोपऱ्याला टेकवायचे आणि क्षणभर तसेच उभे राहायचे. त्या कोपऱ्यावरचा रंग त्यांनी मुद्दाम खरवडून ठेवलेला असे. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक पॅनलला असा एक उघडा कोपरा असायचाच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस देवाला नमस्कार करतोय. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचे निम्मे कामगार त्यांचं बघून तसंच करायला लागले होते. एकाने तर तिथे टेकवलेला हात नंतर छातीला लावला, आणि सर भडकले.

"अरे, देव न्हाई त्यो! अंगातली वीज उतरवून राहिलो मी. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसता, स्वेटर घासत येता, आणि त्याच बोटांनी माझ्या मोड्यूलला हात लावता. मरतंय ते आतल्या आत. आवाजबी करत न्हाई मरताना."

माझी त्यांची पहिली भेटही अशाच एका कोपऱ्यापाशी झाली. मी नांदेडची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून घरी बसले होते, कारण पुण्याला एकटीला पाठवायला वडील तयार नव्हते आणि नांदेडमध्ये मला कोणी उभं करत नव्हतं. ओळखीतून सरांच्या वर्कशॉपचा पत्ता मिळाला. सरांनी नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. टेबलावरचा एक ॲडॅप्टर माझ्यापुढे सरकवला, उघड्या पॅनलमधली धातूची आडवी पट्टी दाखवली आणि म्हणाले, "बसव रेलवर." मी उत्साहाने तो उचलला, तर त्यांनी हातातून काढूनच घेतला. "आधी लोखंड. मग वस्तू. काय शिकवतात गं तुमच्या नांदेडात?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी नांदेड झाले ती कायमची. "ए नांदेड, केबल आण." "नांदेडला विचारा, तिला म्हाईत हाय."

ते काही साधेसुधे, पडेल ते काम करणारे गृहस्थ नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मूळ उदगीरचे. इंजिनिअरिंगची पदवी, पुण्याच्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी, तिथल्या साहेबांशी भांडण, आणि मग लातुरात स्वतःचं वर्कशॉप. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि जिभेला हाड नाही. आपल्यासारखा कंट्रोल इंजिनिअर मराठवाड्यात दुसरा नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि हे ते कोणालाही ऐकवत. बाकी सगळे त्यांच्या हिशेबी वायरमन. लातूरच्या क्लासेसच्या पाट्या दिसल्या की गाडीची काच खाली करून म्हणायचे, "डॉक्टर काढायचे कारखाने हायत गावात. स्क्रू नीट आवळणारा मात्र एक न्हाई निघत." मग स्वतःच हसायचे. मलाही हसू यायचं, कारण मी तोवर नीट स्क्रू आवळायला शिकले होते.

ज्या वस्तूपायी पुढचं सगळं घडलं, ती काय असते ते सांगायला हवं. पूर्वी मिलमधल्या प्रत्येक मोटरीची आणि प्रत्येक बटणाची तार वेगवेगळी ओढत कंट्रोल रूमपर्यंत न्यावी लागे. आता मशीनपाशीच एक छोटं पॅनल बसवतात. त्यात मोड्यूल्सची, म्हणजे तारा जोडायच्या छोट्या डब्यांची, रांग असते. बटणं आणि मोटरी त्यांना जोडलेल्या. रांगेच्या तोंडाशी हा ॲडॅप्टर. तळहातावर मावेल एवढा डबा. त्यातून एकच निळी केबल निघते आणि वर कंट्रोल रूममधल्या कंट्रोलरला जाऊन मिळते. मशीनकडचं सगळं बोलणं त्या एका केबलीतून वर जातं, आणि वरचा हुकूम त्याच केबलीतून खाली येतो.

सर नवीन माणसाला हे पोस्टमन म्हणून समजावायचे. "ह्यो आपला पोस्टमन. हितली चिठ्ठी तिकडं, तिकडची हिकडं. स्वतःचं डोकं न्हाई त्याला. पण एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवावी लागती. रस्ता बंद झाला, वरून चिठ्ठी येईना, तर हितल्या मोटरींचं काय करायचं?" मग उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे, "दोनच पर्याय हायत. एक, शेवटचा हुकूम धरून बसायचं. मोटर चालू होती तर चालूच ठेवायची. दुसरा, सगळं बंद करायचं. ज्याला पहिला पर्याय आवडतो त्यानं माझ्या वर्कशॉपात पाय ठेवू न्हाई. तार तुटली की थांबायचं. काय कळंना झालं की थांबायचं. मशीनचंबी तेच, माणसाचंबी तेच."

ॲडॅप्टरच्या तोंडावर त्याच्या पत्त्याचे आकडे लावायच्या छोट्या चकत्या असतात. त्या फिरवताना ते कानडीत मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." घरी बायकोशी ते कानडीच बोलत. मोड्यूल कोणी जोर लावून बसवायला लागला तर एकदम "बेडा, बेडा!", नको नको, म्हणून ओरडायचे. रेलवर ते आपसूक खट्‌ करून बसलं पाहिजे, नाहीतर काढून पुन्हा बसवायचं. मग हिरवा दिवा लुकलुकत लुकलुकत एकदाचा स्थिर झाला, की सर आणि मी दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायचो. त्या कामातलं सुख असलंच तर ते तेवढंच.

त्या डाळ मिलच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा आणि सर उदगीरच्या एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. म्हणून मिलचं सगळं कंट्रोल सरांकडे आलं. ड्रायरखालच्या स्क्रू कन्व्हेयरवर, म्हणजे डाळ पुढे ढकलणाऱ्या लांब फिरत्या मळसूत्रावर, माधव नावाचा ऑपरेटर होता. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. कोरडवाहू शेती भावावर सोपवून लातुरात आलेला. हसरा होता, आणि सर जे म्हणतील ते त्याला पटायचं. सरांना असा माणूस अर्थातच आवडला.

त्याच्या जागेवरचं, मशीन थांबवायचं लाल बटण बसवताना सरांनी माधवला मशीनपाशी उभं केलं आणि उजवा हात कन्व्हेयरच्या दिशेने धरायला लावला.

"आता समज, ह्यो हात अडकला. मोकळा कोणता ऱ्हायला?"

"डावा," माधव म्हणाला.

"मग तो लांब कर. पुरतो तिथपर्यंत." माधवचं बोट जिथे पोचलं तिथे सरांनी खडूने खूण केली आणि बटण नेमकं तिथेच बसवायला लावलं. "ह्यो तुझा थोरला भाऊ समज. कायबी झालं तर आधी ह्याला हाक मारायची. मला न्हाई, मॅनेजरला न्हाई. ह्याला."

"हाव सर," माधव म्हणाला. नंतर कितीतरी दिवस तो येता-जाता त्या बटणाला "काय दादा, बरं हाय का?" म्हणून विचारायचा. सर मिलमध्ये आले की काम संपवून परतताना माधवच्या जागेपाशी उभे राहून त्याच्याबरोबर चहा घ्यायचे. "दस्ती काढ गळ्यातली," एवढं एक वाक्य दर वेळी ठरलेलं. माधव तो मोठा रुमाल काढायचा आणि सर गेले की पुन्हा नाकाला बांधायचा. धुळीने जीव जायचा तिथे. तोंडाला बांधायचे मास्क मागवू मागवू म्हणत आप्पांनी कधीच मागवले नाहीत.

खंडेनवमीला मिलमध्ये मशीनची पूजा व्हायची. सरांचा नियम होता: पूजा दाराबाहेरून. "दाराला हळद लावा, कुंकू लावा, झेंडूची माळ घाला. पण दार उघडायचं न्हाई." रोज लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा हा माणूस असं बोलतो, याचं लोकांना नवल वाटे. "नास्तिक झालाय पुण्यात जाऊन," असंही कोणी म्हणत.

एका वर्षी नेमके त्या दिवशी सर उदगीरला नात्यातल्या लग्नाच्या बोलणीला गेले होते. आप्पांच्या आई, सगळ्यांच्या अव्वा, पूजेला आल्या. दार उघडा म्हणाल्या. मॅनेजरकडे किल्ली होती आणि मालकाच्या आईला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. आत सगळे डबे मुके, एकटा ॲडॅप्टर तेवढा लुकलुकत होता. अव्वा म्हणाल्या, "ह्यातच जीव हाय." त्यांनी ओल्या बोटाने त्याला हळद-कुंकू लावलं, पॅनलच्या तोंडाशी नारळ वाढवला आणि आतलं पाणी भक्तिभावाने सगळीकडे शिंपडलं. हे मला कामगारांनीच नंतर रंगवून रंगवून सांगितलं.

तेव्हा काहीच झालं नाही. सगळं सुरळीत चालू राहिलं. तुरीचा हंगाम सुरू झाला, ट्रॅक्टर-टेम्पोंच्या रांगा मिलच्या फाटकाबाहेर लागल्या, आणि मग ड्रायरखालचं पॅनल मधूनमधून गप्प पडायला लागलं. दोन-चार सेकंद निळ्या केबलीतून काही जायचं नाही, यायचं नाही. सरांनी लावून दिलेल्या नियमाप्रमाणे सगळ्या मोटरी थांबायच्या. मग डाळ वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाशी साचलेली डाळ हाताने उपसून काढायची आणि पुन्हा सुरू करायचं. तोवर आप्पांचं रक्त उकळलेलं.

सरांनी केबल काढून ॲडॅप्टरवरची तिची खाच पाहिली. आत हळदीचा पिवळा थर होता, आणि तांब्याच्या काड्यांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं. त्यांनी वळून मॅनेजरला विचारलं, "नारळ फोडला का आत?" मॅनेजर छताकडे बघायला लागला. आप्पा सरांना शाळेतल्या नावाने हाक मारत म्हणाले, "आईनं केलंय काशा. तिला काय बोलू नको." सरांनी खाच साफ केली, पण त्याने भागणार नव्हतं. नवा ॲडॅप्टर मागवला. तो यायला काही आठवडे लागणार होते.

ती पूजा सोडली तर इथपर्यंतचं मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यानंतर मला सरांनी नांदेडला पाठवलं. तिथे एका जिनिंग मिलमध्ये आमचं नवीन पॅनल बसत होतं. म्हणून पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर.

एके दिवशी सकाळी ते नांदेडला आले. पॅनलचं दार उघडलं आणि लोखंडाला हात न लावताच त्यांनी मोड्यूल उचललं. मी म्हटलं, "सर, कोपरा." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मोड्यूल तसंच रेलवर बसवलं. दुपारी डबा खाताना त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता ते उभे राहिले. फोन खिशात ठेवून म्हणाले, "माधवचा हात गेला."

अहमदपूरच्या रस्त्याने लातूरला जाताना गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी मिल पुन्हा पुन्हा थांबली होती. सर म्हणाले होते, दोन दिवस बंद ठेव, मी लाल बटणांच्या तारा थेट मोटरींना जोडून देतो, मग केबल राहू दे नाहीतर तुटू दे. आप्पा म्हणाले, "भर हंगामात मिल बंद? डोकं फिरलं का तुझं?" आणि मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तो शेवटचा हुकूम धरून बसायचा पर्याय हाय ना, तो लाव. नवीन डबा येईपर्यंत चालंल. तुला भीती वाटून राहिली असंल तर ऱ्हाऊ दे. पुण्याचा एक पोरगा बसल्या जागी लॅपटॉपवरून करून देतो म्हणालाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग! माझ्या पॅनलला पुण्याचा पोरगा हात लावणार? त्यापेक्षा मीच केलं."

मैत्रीसाठी केलं असतं, तर मी समजू शकले असते. फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या लोकांसाठी केलं असतं, तरी समजले असते. या माणसाने ते ताठ्यापायी केलं. आपलं काम दुसऱ्याने करू नये, म्हणून जे कोणीच करू नये असं तो जन्मभर सांगत आला, ते त्याने स्वतःच्या हाताने केलं. मला त्यांचा तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही.

मी विचारलं, "ऑपरेटरांना सांगितलं?"

"मॅनेजरला बोललो. बटणावर भरवसा ठेवू नका, काय झालं तर मेन स्विच पाडा, असं सगळ्यांना सांग म्हणून."

"आणि माधवला?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मॅनेजरने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी कामाला हात लावला नसता, हे त्यालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी माधवच्या नाकावरची दस्ती सुटून स्क्रूमध्ये गेली. ती ओढून घ्यायला गेला आणि उजवा हात आत ओढला गेला. नेमकी तेव्हाच केबल गप्प पडलेली, आणि या वेळी ती दोन-चार सेकंदांत परत बोलती झाली नाही. डाव्या हाताने तो लाल बटण दाबत राहिला. त्याची हाक वर पोचतच नव्हती, आणि खाली ॲडॅप्टर शेवटचा हुकूम धरून बसला होता. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर कोपरापर्यंत हात गेला होता.

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. मॅनेजर म्हणाला, "दस्ती गळ्यात होती साहेब, बंदी असताना. आणि बटण त्यानं दाबलंच न्हाई. घाबरला असंल." आप्पा म्हणाले, "आम्हाला यातलं काय कळतंय? इंजिनिअर ठेवला होता आम्ही." आणि जमिनीकडे बघत राहिले.

सर पुढे झाले आणि सरळ सांगितलं, "त्यानं बटण दाबलं असतं तरी चाललं नसतं. सेटिंग मी बदललं होतं." कोणी सांगितलं म्हणून बदललं, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "आप्पांचं नाव का नाही घेतलं?" तर म्हणाले, "त्यानं सांगितलं असंल. केलं कोणी? मी." याही वेळी मला त्यांचा ताठाच दिसला. गुन्हासुद्धा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला त्यांना कमीपणा वाटत होता.

गावाला एवढं पुरे होतं. एकेका मिलने त्यांना बोलवायचं बंद केलं. आप्पांनी माधवच्या दवाखान्याचा खर्च केला आणि त्याची बातमी फोटोसकट छापून आणली. आणि मिलमध्ये एक नवीनच कथा तयार झाली: इंजिनिअर मशीनची पूजा करू देत नव्हता, देवाचं कुंकू त्याला चालत नव्हतं, म्हणून मशीनने रक्त घेतलं. ज्या कुंकवाने आणि नारळाच्या पाण्याने ती खाच कुजली, त्याच्याच नावाने हे बोललं जात होतं. मी एक-दोघांना खरं सांगून पाहिलं. ते माझ्याकडे दयेने बघायचे. पुढच्या खंडेनवमीला आप्पांनी सगळ्या पॅनलांची दारं सताड उघडून पूजा घातली, असं कळलं. पुण्याच्या पोराने अडवलं नाही.

माधव दवाखान्यातून गावी गेल्यावर सर मला म्हणाले, "चल नांदेड, मुखेडला जाऊन येऊ. मला एकट्याला जमणार न्हाई." त्यांनी कशासाठी तरी माझी मदत मागितल्याची ती पहिलीच वेळ.

माधवच्या घरापुढे लिंबाखाली बाज टाकलेली होती. तो सरांना बघून धडपडत उठला. कोपराखालची रिकामी बाही पिन लावून दुमडलेली. बायकोने चहा आणला. सर तोंड उघडणार, तोच माधव बोलायला लागला.

"सर, म्या बटन दाबलं व्हतं. मॅनेजर काय बी म्हनू द्या. तुमी सांगितल्यावानी डाव्या हातानं दाबलं. सोडलंच न्हाई. तुमाला तरी खरं वाटतंय ना?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. ते म्हणाले, "माधव, तू दाबलंस. माझ्याचमुळं ते चाललं न्हाई. मीच तसं करून ठेवलं होतं."

माधव हसला. "ऱ्हाऊ द्या सर. लोकं सांगत व्हते मला, तुमी सायबापुढं समदं स्वतःच्या अंगावर घेतलं म्हनून. माझ्यासाठी कशाला खोटं बोलता? मशीन बिघडतंयच की कधीमधी."

"खोटं न्हाई रे. मी..."

"तुमी असं करनारच न्हाई," माधव म्हणाला. त्याच्या बायकोनेही मान हलवली. सरांनी पुन्हा सांगून पाहिलं, पोस्टमनची गोष्ट सांगून पाहिली, आवाज चढवून पाहिला. माधव त्यांचीच समजूत काढायला लागला. शेवटी त्याने आग्रहाने आम्हाला जेवायला बसवलं. पिठलं-भाकरी होती. माधव डाव्या हाताने सरांना वाढत होता.

परतताना सर एवढंच म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

वर्कशॉप बंद झालं. मी नांदेडला परत गेले, त्या जिनिंग मिलमध्येच नोकरीला लागले. सर उदगीरला जाऊन राहिले. मी फोन केला की कामाबद्दल विचारायचे, पण पूर्वीसारखं कोणाला वायरमन म्हणायचे नाहीत. नवीन काही बसवलं का, दिवा स्थिर झाला का, एवढंच. त्यांच्या तोंडून शिवी ऐकायला मी तरसले होते. पुढच्या उन्हाळ्यात बसल्या जागी त्यांचं हृदय बंद पडलं.

लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून मातीत ठेवलं. माती द्यायला फार माणसं नव्हती. आप्पा येऊन हार घालून लगेच गेले, त्यांना कुठल्याशा सत्काराला जायचं होतं. माधव मात्र मुखेडहून एसटीने आला होता. त्याने डाव्या मुठीने माती टाकली आणि सगळे पांगेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग माझ्याजवळ आला.

"ताई, लई मोठ्या मनाचा मानूस गेला. माझ्यापायी नाहक बालंट घेतलं अंगावर. तुमी संगं असायच्या. तुमाला तर म्हाईत हाय, सरांनी कायबी केलं नव्हतं."

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. मेलेल्या माणसाचं चांगलंच झालं असतं, माधवलाही बरं वाटलं असतं. पण मुखेडच्या त्या बाजेवर बसून सर जिवाच्या आकांताने जे सांगत होते, ते कोणीतरी एकदा खरं मानायला हवं होतं. मी म्हटलं, "माधव, सर खोटं बोलत नव्हते. सेटिंग त्यांनीच बदललं होतं. आप्पांनी डिवचलं आणि त्यांनी केलं. त्या दिवसापासून तुझ्या बटणाचा भरवसा उरला नव्हता. सरांना ते माहीत होतं."

आधी तो माझ्याकडे बघून हसला, जसा सरांकडे बघून हसला होता. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. खाली बसला. जेव्हा बोलला, तेव्हा आवाजात राग नव्हता, त्याला फक्त काहीतरी आठवलं होतं.

"आदल्या दिशी सर आल्ते मिलमधी. म्या दोन कप च्या सांगून ठिवला व्हता. सर मागच्या दारानं गेले. म्या म्हनलं, घाई असंल." मग त्याने मला विचारलं, "ताई, बटन चालत न्हाई, एवढं सांगायला काय झालतं त्यान्ला? म्या काय काम सोडून गेलो नसतो. जरा लांब हुबा ऱ्हायलो असतो."